मैदानाच्या कडेला उभा असलेला माणूस
अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये सहायक प्रशिक्षक कसा घडतो? आणि त्या वाटेवर एका प्रशिक्षकाला स्वतःचे वडील कसे सापडले?

सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत अमेरिकेतला शनिवार हा कॉलेज फुटबॉलचा वार असतो. मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट या विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये एकेका सामन्याला लाखाहून अधिक माणसं जमतात. टीव्हीचा कॅमेरा सतत एका माणसावर जातो, तो म्हणजे मुख्य प्रशिक्षक. संघ जिंकला की त्याची मिरवणूक आणि हरला की त्याच्याच नावाने बोटं मोडणं.

पण त्याच्या आजूबाजूला नीट बघा. कानाला हेडफोन लावलेले, हातात प्लास्टिकचं आवरण घातलेला कागद धरलेले, खेळाडूच्या हेल्मेटला हेल्मेट लावावं इतकं जवळ जाऊन काहीतरी समजावणारे आठ-दहा जण दिसतील. हे सहायक प्रशिक्षक. त्यांची नावं प्रेक्षकांना माहीत नसतात, पण वीस वर्षांच्या मुलाला रोज सकाळी उठवून, चुका दाखवून, कधी रागावून तर कधी जेवायला घालून घडवायचं काम त्यांचंच असतं.

डीलँड मॅकलो हे त्यांच्यापैकीच एक. त्यांची कारकीर्द समजून घेतली की या पेशाचे सगळे टप्पे समजतात. शिवाय त्यांच्या आयुष्यात अशी एक गोष्ट घडली, जी एखाद्या चित्रपटात दाखवली असती तर आपण "काहीही दाखवतात" असं म्हटलं असतं.

हा फुटबॉल आपला नव्हे

आधी थोडं खेळाविषयी. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. त्यांचा फुटबॉल लांबट अंडाकृती चेंडूने खेळतात आणि तो पायापेक्षा हातानेच जास्त खेळला जातो. मैदान १०० यार्डांचं. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे आहे, त्याला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू घेऊन समोरच्या टोकाची रेषा ओलांडली की टचडाउन, म्हणजे सहा गुण.

या खेळात प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, चेंडू पोटाशी धरून गर्दीतून वाट काढत पळणारा रनिंग बॅक, लांब पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा रिसीव्हर, आणि या सगळ्यांसाठी समोरच्या पहिलवानांना अंगावर घेणारे लाइनमन. बचावाचे खेळाडू पुन्हा निराळे. एका संघात शंभराच्या आसपास मुलं असतात. एकट्या मुख्य प्रशिक्षकाने एवढ्यांना शिकवणं शक्यच नाही. म्हणून प्रत्येक जागेसाठी वेगळा शिक्षक असतो. रनिंग बॅकचा वेगळा, लाइनमनचा वेगळा.

आपल्याकडच्या शाळेचंच उदाहरण घ्या ना. मुख्याध्यापक एक असले तरी गणित शिकवणारे सर वेगळे आणि मराठी शिकवणाऱ्या बाई वेगळ्या. मुलांना आयुष्यभर लक्षात राहतात ते बहुतेकदा हे विषयशिक्षकच.

शिडीच्या पायऱ्या

या पेशात शिरण्याची नेहमीची वाट अशी आहे.

पहिली पायरी – ग्रॅज्युएट असिस्टंट. खेळून झालं, पदवी मिळाली, पण खेळ सोडवत नाही. असा तरुण एखाद्या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला नाव घालतो आणि संघासोबत काम करतो. बदल्यात शिक्षणाची फी माफ होते आणि थोडासा भत्ता मिळतो. काम मात्र अमाप. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांचे व्हिडिओ तोडून त्यांची वर्गवारी करायची, तक्ते काढायचे, सरावात दुसऱ्या फळीच्या मुलांना उभं करायचं, कोणाला विमानतळावरून आणायचं. दिवसा संघाचं काम आणि रात्री स्वतःचा अभ्यास.

दुसरी पायरी – क्वालिटी कंट्रोल किंवा विश्लेषक. नाव कारखान्यातलं वाटतं, पण काम आकडेवारीचं आणि व्हिडिओचं. समोरचा संघ तिसऱ्या प्रयत्नात काय करतो, पाऊस असला की काय बदलतो, हे शोधून वरच्यांच्या हातात द्यायचं.

तिसरी पायरी – पोझिशन कोच. आता स्वतःची खोली, स्वतःची सहा-सात मुलं. या मुलांचा खेळ, अभ्यास, दुखापत, घरचे प्रश्न, सगळ्याला हाच जबाबदार. मॅकलो यांची ओळख आहे ती या पायरीवरची.

चौथी पायरी – कोऑर्डिनेटर. आक्रमणाची किंवा बचावाची पूर्ण आखणी याच्याकडे. सामन्यात पुढची चाल कोणती, हे काही सेकंदांत ठरवणारा माणूस. मोठ्या विद्यापीठांत यांचा पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्याही वर जातो.

पाचवी आणि शेवटची पायरी – मुख्य प्रशिक्षक. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या विभागात १३० हून थोडे जास्त संघ आहेत. म्हणजे या खुर्च्याही तेवढ्याच. त्यांच्याकडे डोळे लावून बसलेले सहायक हजाराच्या वर.

ही शिडी चढायला किती वेळ लागतो? निक सेबन यांचं उदाहरण घेऊ. त्यांना प्रशिक्षक व्हायचंच नव्हतं. १९७३ मध्ये ते केंट स्टेट विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट झाले, कारण पत्नीचं पदवीचं एक वर्ष बाकी होतं आणि तोवर तिथेच थांबायचं होतं. कॉलेज संघाचे मुख्य प्रशिक्षक ते पहिल्यांदा झाले १९९० मध्ये, टोलेडो विद्यापीठात. मध्ये सतरा वर्षं गेली. पुढे त्यांनी सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. ज्या नोकरीकडे "तोवर काहीतरी" म्हणून बघितलं, ती पन्नास वर्षं पुरली.

सहायकाचा आठवडा

सामना शनिवारी. रविवारी सगळे विश्रांती घेत असतील असं वाटतं, पण प्रशिक्षकांचा आठवडा रविवारीच सुरू होतो. कालच्या सामन्याचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचा आणि प्रत्येक मुलाला प्रत्येक चालीसाठी गुण द्यायचे. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यासही तेव्हाच सुरू होतो. मंगळवार-बुधवारी कसून सराव. गुरुवारी उजळणी. शुक्रवारी प्रवास. आणि त्यातूनच वेळ काढून एखाद्या गावातल्या हायस्कूलचा सामना बघायला जायचं, कारण पुढच्या वर्षीचा खेळाडू तिथेच सापडणार असतो.

हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा. सहायक प्रशिक्षकाचं अर्धं काम मैदानाबाहेर असतं. हायस्कूलमधली गुणी मुलं हेरायची, त्यांच्या घरी जायचं, दिवाणखान्यात बसून आईवडिलांशी बोलायचं आणि मुलाने आपल्याच विद्यापीठात यावं म्हणून त्यांचं मन वळवायचं. याला रिक्रूटिंग म्हणतात. मुलाला मैदान किती मोठं आहे, टीव्हीवर सामने दिसतात का, हे विचारायचं असतं. आईला विचारायचं असतं की माझा मुलगा आजारी पडला तर त्याच्याकडे कोण बघेल. तो नीट जेवेल का? पदवी घेऊनच बाहेर पडेल का?

ज्या प्रशिक्षकाला आईच्या प्रश्नांची खरी उत्तरं देता येतात, त्याच्याकडे मुलं येतात. असाच एक प्रशिक्षक १९९० च्या सुमारास ओहायो राज्यातल्या यंग्जटाउन भागातल्या एका घरी गेला होता.

पोलादाच्या गावातला मुलगा

डीलँडचा जन्म १ डिसेंबर १९७२ चा, पिट्सबर्गचा. त्याला जन्म देणारी मुलगी सोळा वर्षांची होती. ती मूळची यंग्जटाउनची. लग्न झालेलं नव्हतं. त्या काळच्या रीतीप्रमाणे ती बाळंतपणासाठी दुसऱ्या शहरात गेली आणि बाळ दत्तक देऊन परतली. बाळाच्या वडिलांना तिने काहीच कळवलं नाही. ते तेव्हा कॉलेजात नुकतेच गेलेले अठरा वर्षांचे तरुण होते.

बाळाला दत्तक घेणारं जोडपं योगायोगाने यंग्जटाउनचंच निघालं. म्हणजे जे बाळ त्या शहरापासून लांब जन्माला यावं म्हणून एवढी धडपड झाली, ते त्याच शहरात वाढलं. दत्तक वडील रेडिओवर कार्यक्रम करायचे. पण आईवडील डीलँडच्या लहानपणीच वेगळे झाले आणि त्याला वाढवलं ते आईने. यंग्जटाउन हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव. १९७७ नंतर एकेक कारखाना बंद पडत गेला आणि हजारो कामगार घरी बसले. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावाचं जे झालं, तेच तिथे झालं. अशा गावात मुलाला वाईट संगतीपासून दूर ठेवणं सोपं नव्हतं. डीलँडला वाचवलं ते आईच्या शिस्तीने आणि फुटबॉलने.

हायस्कूलमध्ये तो उत्तम रनिंग बॅक झाला. कॉलेजांचे प्रशिक्षक येऊ लागले. त्यांच्यात ओहायोतल्याच मायामी विद्यापीठाचे रनिंग बॅक प्रशिक्षक होते शर्मन स्मिथ. (हे मायामी फ्लोरिडातलं नव्हे. ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावातलं हे विद्यापीठ "प्रशिक्षकांचा पाळणा" म्हणून ओळखलं जातं. पॉल ब्राउन, जॉन हार्बॉ, शॉन मॅक्वे असे नामवंत प्रशिक्षक तिथे शिकले.)

स्मिथ हेसुद्धा यंग्जटाउनचे. मायामीकडून क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले आणि १९७६ मध्ये सिॲटल सीहॉक्स या नव्याने सुरू झालेल्या व्यावसायिक संघात रनिंग बॅक म्हणून गेलेले. आपल्याच गावातला, एवढं नाव कमावलेला, शांतपणे बोलणारा हा माणूस डीलँडला पहिल्या भेटीतच आवडला. घरात वडील नसलेल्या मुलाला असंच कोणीतरी हवं असतं. त्याने मायामी निवडलं.

स्मिथ तिथे फार काळ राहिले नाहीत. लवकरच त्यांना इलिनॉय विद्यापीठात आणि नंतर व्यावसायिक फुटबॉलमध्ये नोकरी मिळाली. सहायक प्रशिक्षकाचं असंच असतं. पण संबंध तुटला नाही. डीलँड काहीही विचारायचं असलं की त्यांना फोन करायचा.

सदतिसाव्या वर्षी इंटर्न

मॅकलो मायामीकडून १९९५ पर्यंत खेळले. चार हंगामांत त्यांनी धावून ४,३६८ यार्ड कमावले आणि तो विद्यापीठाचा त्या वेळचा विक्रम ठरला. पुढे सिनसिनाटी बेंगॉल्स या व्यावसायिक संघाने त्यांना घेतलं. सराव सामन्यांत ते चमकले आणि नेमकी तेव्हाच गुडघ्याला दुखापत झाली. नंतर काही वर्षं कॅनडातल्या लीगमध्ये खेळून झालं. मग बूट काढून ठेवले.

त्यानंतर ते शिक्षक झाले. पुढे शाळेचे मुख्याध्यापक. हायस्कूलच्या संघाला शिकवणं चालूच होतं. घरी पत्नी, मुलं, ठरलेला पगार. बहुतेकांनी इथेच समाधान मानलं असतं.

२०१० मध्ये मॅकलो पुन्हा मायामी विद्यापीठात गेले. पद काय, तर इंटर्न. वय सदतीस! ज्या वयात अनेक जण मुख्य प्रशिक्षक व्हायच्या तयारीत असतात, त्या वयात त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आपल्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान मुलांबरोबर बसून व्हिडिओ तोडायचे. मुख्याध्यापकाची खुर्ची सोडून आलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल, आणि घरचा हिशोब सांभाळणाऱ्या पत्नीला किती, याचा अंदाज आपण करू शकतो.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, इंडियाना विद्यापीठाने त्यांना रनिंग बॅक प्रशिक्षक नेमलं. इंडियाना तेव्हा बास्केटबॉलसाठी प्रसिद्ध, फुटबॉलमध्ये मागे पडलेलं विद्यापीठ. पण तिथे मॅकलो यांच्या हाताखाली २०१४ मध्ये टेव्हिन कोलमन याने एका हंगामात २,०३६ यार्ड धावून दाखवलं. दोन हजारांचा आकडा कॉलेज फुटबॉलमध्ये फार थोड्यांनी ओलांडला आहे. मुख्याध्यापक म्हणून मुलांशी बोलायची जी सवय लागली होती, ती इथे कामाला आली.

व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, बिल वॉल्श या दिवंगत प्रशिक्षकांच्या नावाने एक उपक्रम चालतो. त्यात कॉलेजच्या प्रशिक्षकांना उन्हाळ्यात मोठ्या संघांच्या शिबिरात काम करायला मिळतं. मॅकलो असेच सिॲटलच्या शिबिरात गेले. तिथे रनिंग बॅक प्रशिक्षक होते शर्मन स्मिथ. गुरुशिष्य पुन्हा शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांची चाल किती सारखी आहे, असं बघणाऱ्यांनी म्हटलंही. त्यावर दोघेही हसले आणि कामाला लागले.

एक कागद आणि एक नाव

मॅकलो यांना आपण दत्तक आहोत हे माहीत होतं. स्वतःची मुलं झाल्यावर एक प्रश्न जास्तच छळू लागला. डॉक्टर विचारतात, घराण्यात कोणाला मधुमेह, हृदयविकार? काय सांगणार? पण पेन्सिल्व्हेनिया राज्यात दत्तक मुलांची मूळ जन्मनोंद बंद ठेवण्यात आली होती.

नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या राज्यात नवा कायदा लागू झाला. प्रौढ झालेल्या दत्तक मुलांना मूळ जन्मदाखला मागता येऊ लागला. मॅकलो तेव्हा कॅलिफोर्नियात, यूएससी या नामवंत विद्यापीठात रनिंग बॅक प्रशिक्षक होते. त्यांनी अर्ज केला. कागद आला. त्यावर त्यांचं जन्माच्या वेळचं नाव होतं आणि आईचं नाव होतं. वडिलांचं नव्हतं.

आई फेसबुकवर सापडली. ती अजूनही यंग्जटाउनमध्येच होती. ज्या मुलाला तिने पंचेचाळीस वर्षांपूर्वी दूर केलं होतं, तो तिच्या घरापासून काही मैलांवर वाढला होता. दोघं फोनवर बोलू लागली. बोलता बोलता मॅकलो यांनी विचारलं, माझे वडील कोण?

तिने सांगितलं, शर्मन स्मिथ.

मॅकलो यांच्या फोनमध्ये तो नंबर वीस-पंचवीस वर्षांपासून होता. ज्या माणसाने त्यांना कॉलेजात नेलं, ज्याला विचारल्याशिवाय त्यांनी नोकरी बदलली नाही, ज्याच्यासारखं व्हावं असं त्यांना सोळाव्या वर्षापासून वाटत होतं, तोच त्यांचा बाप होता. आणि बापालाही याची कल्पना नव्हती.

स्मिथ यांना हे कळल्यावर ते हादरले. त्यांनी विचार करायला थोडा वेळ मागितला. तरुण खेळाडूंना जबाबदार पिता व्हा असं सांगण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला आपला एक मुलगा आपल्याविना वाढला हे पचवणं अवघड होतं. चूक त्यांची नव्हती, कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तरी मन कुठे ऐकतं? डीएनए चाचणी झाली आणि नात्यावर शिक्कामोर्तब झालं. मॅकलो त्यांना भेटायला टेनेसी राज्यातल्या त्यांच्या घरी गेले. दारातच स्मिथ यांनी हात पसरले आणि त्यांना "माझा मुलगा" म्हणून जवळ घेतलं.

या सगळ्यात ज्या आईने वाढवलं तिचं स्थान जराही हललं नाही. मॅकलो यांच्या आयुष्यात दोन आया आल्या आणि दोघींनाही जागा मिळाली. पुढे या कहाणीवर इंग्रजीत पुस्तकही निघालं.

बाप-लेकाच्या कारकिर्दीतला एक योगायोग तर थक्क करणारा आहे. शर्मन स्मिथ सिॲटलचे रनिंग बॅक प्रशिक्षक असताना तो संघ सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचं विजेतेपद, जिंकला. तारीख २ फेब्रुवारी २०१४. मॅकलो २०१८ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सचे रनिंग बॅक प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघाने सुपर बोल जिंकला २ फेब्रुवारी २०२० ला. तीच तारीख आणि तेच पद. मध्ये फक्त सहा वर्षांचं अंतर.

नोकरीचा भरवसा किती?

गोष्ट गोड असली तरी पेशा गोड आहे असं समजू नका. मुख्य प्रशिक्षकाला काढलं की बहुतेकदा त्याच्यासोबत आलेले सहायकही जातात. तुमच्या मुलांनी कितीही चांगला खेळ केला असला तरी.

डॅबो स्विनी यांच्यावर ही वेळ आली होती. अलाबामा विद्यापीठात ते सहायक होते. २००० च्या खराब हंगामानंतर मुख्य प्रशिक्षकासह सगळ्यांना घरी पाठवलं गेलं. स्विनी यांनी त्यानंतर सुमारे दोन वर्षं बर्मिंगहॅममध्ये व्यावसायिक गाळे भाड्याने देण्या-घेण्याचं काम केलं. फुटबॉल संपला असंच वाटत होतं. २००३ मध्ये ओळखीच्या जुन्या प्रशिक्षकाने क्लेमसन विद्यापीठात बोलावलं. २००८ मध्ये हंगामाच्या मध्यावर त्या प्रशिक्षकाने पद सोडलं आणि स्विनी यांना हंगामी मुख्य प्रशिक्षक करण्यात आलं. त्यांनी पुढे क्लेमसनला २०१६ आणि २०१८ च्या हंगामांची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली.

सगळ्यांचीच गोष्ट मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीपाशी संपते असंही नाही. व्हर्जिनिया टेकचे बड फॉस्टर १९८७ मध्ये तिथे आले आणि २०१९ च्या हंगामानंतर निवृत्त झाले. त्यातला बराच काळ ते बचावाचे कोऑर्डिनेटर होते. मुख्य प्रशिक्षक कधीच झाले नाहीत. पण त्यांनी आणलेला पत्र्याचा जेवणाचा डबा त्या संघाची निशाणी बनला. कामगार जसा डबा घेऊन रोज कामावर जातो, तसा बचाव करायचा, हा त्याचा अर्थ. चांगला खेळ करणाऱ्या खेळाडूला तो डबा सांभाळायचा मान मिळायचा.

अशा लोकांसाठी एक पुरस्कारही आहे. १९९६ पासून दरवर्षी देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला फ्रँक ब्रॉयल्स यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. ब्रॉयल्स हे आर्कान्सा विद्यापीठाचे प्रशिक्षक. त्यांच्या हाताखालचे अनेक सहायक पुढे मोठे झाले. फॉस्टर यांना हा पुरस्कार २००६ मध्ये मिळाला. २००९ मध्ये तो मिळाला कर्बी स्मार्ट यांना, जे तेव्हा सेबन यांचे सहायक होते आणि पुढे मुख्य प्रशिक्षक म्हणून जॉर्जिया विद्यापीठाला लागोपाठ दोन विजेतेपदं देऊन गेले.

घरच्यांची बदली

आपल्याकडे बँकेत, रेल्वेत, लष्करात असलेल्यांच्या घरी बदली हा शब्द उच्चारला की आई आधी शाळेचा विचार करते. प्रशिक्षकाच्या घरीही तेच. मॅकलो यांचा नकाशा बघा. मायामी, इंडियाना, कॅलिफोर्निया, कॅन्सस सिटी, २०२१ मध्ये पुन्हा इंडियाना, २०२२ मध्ये नोटर डेम विद्यापीठ. बारा वर्षांत सहा मुक्काम. यातला एकही त्यांना कोणी काढून टाकलं म्हणून झाला नाही. चांगलं काम करणाऱ्यालाही बोलावणं येतं आणि घर हलवावं लागतं.

सुपर बोल जिंकलेल्या संघातून ते पुन्हा कॉलेजकडे वळले, हे अनेकांना नवल वाटलं. व्यावसायिक संघात खेळाडू तयार मिळतात. कॉलेजात मुलगा अठराव्या वर्षी येतो आणि बावीसाव्या वर्षी माणूस होऊन बाहेर पडतो. मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाला ते काम जवळचं वाटलं तर नवल नाही.

नोटर डेममध्ये त्यांना मुख्य प्रशिक्षक मार्कस फ्रीमन यांनी बोलावलं. तिथेही त्यांच्या मुलांनी नाव काढलं. २०२३ मध्ये ऑड्रिक एस्टिमे याने धावून १८ टचडाउन केले, तो विद्यापीठाचा विक्रम ठरला. २० डिसेंबर २०२४ ला बाद फेरीच्या सामन्यात जेरेमाया लव्ह हा खेळाडू ९८ यार्ड धावत गेला, म्हणजे जवळजवळ पूर्ण मैदान. समोर संघ होता इंडियाना, मॅकलो यांचं जुनं घर. नोटर डेम त्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ओहायो स्टेटकडून ३४-२३ असं हरलं.

त्यानंतर पुन्हा बोलावणं आलं. २०२५ मध्ये मॅकलो लास वेगस रेडर्स या व्यावसायिक संघाचे रनिंग बॅक प्रशिक्षक झाले. बोलावणाऱ्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते पीट कॅरल. २०१४ मध्ये सिॲटलने सुपर बोल जिंकला, तेव्हा शर्मन स्मिथ याच कॅरल यांच्या हाताखाली काम करत होते. आधी बापाने आणि मग मुलाने एकाच माणसाकडे, एकाच पदावर नोकरी केली.

तुमच्या घरातल्या खेळाडूसाठी

क्रिकेट असो, कबड्डी असो की हॉकी, खेळाडू म्हणून वरपर्यंत पोहोचणारे थोडेच असतात. खेळ आवडतो पण आता खेळता येणार नाही, असं वाटणाऱ्या मुलामुलींना या पेशातून बऱ्याच गोष्टी घेता येतात.

• पदवी सोडू नका. अमेरिकेत पहिली पायरीच पदव्युत्तर वर्गातून सुरू होते. मॅकलो यांना दुखापतीनंतर सावरलं ते शिक्षणानेच.

• व्हिडिओ बघायला आणि नोंदी ठेवायला शिका. आजच्या प्रशिक्षणाचा पाया तोच आहे आणि त्यासाठी आता मोबाइलही पुरतो.

• शिकवता येणं हे खेळता येण्यापेक्षा वेगळं कौशल्य आहे. गल्लीतल्या लहान मुलांना शिकवून बघा. ती कंटाळतात की पुन्हा येतात, त्यावरून कळेल.

• उशीर झाला असं मानू नका. मात्र घरच्यांशी बोलून, पैशांचा हिशोब मांडूनच उडी घ्या.

• ज्या सरांनी किंवा बाईंनी तुम्हाला घडवलं, त्यांचा नंबर जपून ठेवा आणि अधूनमधून फोन करा.

शर्मन स्मिथ १९९० च्या सुमारास यंग्जटाउन भागातल्या त्या घरी गेले, ते एका रनिंग बॅकला कॉलेजात न्यायला. त्या दिवशी त्यांनी मुलाच्या आईला शब्द दिला होता तो प्रत्येक सहायक प्रशिक्षक देतो तसाच, की तुमच्या मुलाकडे मी लक्ष देईन. शेकडो घरांत शेकडो आयांना त्यांनी तो शब्द दिला असेल. त्या एका घरी तो देताना आपण आपल्याच मुलाबद्दल बोलतोय, हे त्यांना सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी कळलं. तोवर त्यांनी तो पाळलेला होता.